पर्यायी सर्व्हर आणि त्याची साप्ताहिक परीक्षा



मागील वार्षिक अहवालाच्या जमाखर्चात ‘संगणक यंत्रणा : पर्यायी सर्व्हर’ असे एक शीर्ष होते. ते वाचून काही देणगीदारांनी पत्राद्वारे व प्रत्यक्ष भेटीत पृच्छा केली, की जे यंत्र वर्षाचे बहुतेक दिवस काही न करता नुसते उभे राहते, त्यावर धर्मादाय निधीतील पैसा का वेचावा? त्याच रकमेत गरजू रुग्णांच्या डायलिसिसला साहाय्य झाले असते. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत याहून रोखठोक प्रश्न आला. दर आठवड्यास एकदा चांगला चालता सर्व्हर मुद्दाम बंद पाडला जातो, हे खरे काय? आणि खरे असल्यास त्याचे प्रयोजन काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांच्या पैशावर संस्था चालते त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, म्हणून या अहवालात हा विषय थोड्या विस्ताराने मांडीत आहोत. प्रशासन विभागातील आम्ही मंडळी मूळची वाणिज्य शाखेची. त्यामुळे विवेचन हिशेबनिसाच्या भाषेत झाले तर वाचकांनी समजून घ्यावे.

रुग्ण दारातून आत येतो तेव्हा नोंदणी खिडकीवर त्यास एक क्रमांक मिळतो. पुढे बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, क्ष-किरण, औषधालय, रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह आणि अखेरीस बिल व डिस्चार्ज कार्ड, हा सारा प्रवास त्याच क्रमांकाच्या आधाराने होतो. पूर्वी केसपेपर हातात घेऊन नातेवाईक या विभागातून त्या विभागात धावत असत. आता ती माहिती सर्व्हर नावाच्या मुख्य संगणकावर असते आणि वॉर्डातील परिचारिका ती पडद्यावर पाहते. सोय मोठी झाली, पण अवलंबित्वही तितकेच वाढले. सर्व्हर पाऊण तास बंद पडला तर रात्री अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचा अहवाल तयार असूनही डॉक्टरांच्या पडद्यावर येत नाही. त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ही नोंदही दिसत नाही. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण नातेवाईकांच्या मनात ही धास्ती असते. व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखविणारे मॉनिटर, ऑक्सिजनची नलिका आणि सलाइनचे पंप यांपैकी काहीही या सर्व्हरवर चालत नाही. सर्व्हर बंद पडल्याने कोणाचा श्वास थांबत नाही. थांबते ती माहिती, आणि माहितीवाचून निर्णय थांबतात.

म्हणून आपल्याकडे मुख्य सर्व्हरच्या जोडीला एक पर्यायी सर्व्हर आहे. मात्र दोन यंत्रे शेजारी ठेवल्याने काम भागत नाही. पहिले बंद पडले हे कोणी ओळखावयाचे, आणि वॉर्डावॉर्डांतील संगणकांना दुसऱ्याकडे कोणी वळवावयाचे? हे काम प्रॉक्सी सर्व्हर करतो. ‘प्रॉक्सी’ हा शब्द विश्वस्तांपैकी अनेकांना कंपन्यांच्या वार्षिक सभांमुळे परिचित आहे. भागधारक स्वतः न जाता आपल्या वतीने जो प्रतिनिधी धाडतो, तो प्रॉक्सी. आपला प्रॉक्सी सर्व्हर मागे बसलेल्या सर्व्हरांच्या वतीने दारात उभा राहतो. परिचारिकेचा संगणक त्याच्याशीच बोलतो. प्रत्यक्ष काम आतल्या कोणत्या यंत्राने केले, हे तिला कळतही नाही आणि कळण्याची गरजही नाही. मुख्य सर्व्हर निकामी झाल्यास प्रॉक्सीने प्रत्येक मागणी पर्यायी सर्व्हरकडे पाठवावयाची, या बदलास संगणक क्षेत्रात ‘फेलओव्हर’ म्हणतात.

आपण वापरतो ते ‘एचएप्रॉक्सी’ नावाचे सॉफ्टवेअर. विली तारो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ते प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते मुक्त स्वरूपाचे असल्याने त्यासाठी परवाना-शुल्क पडत नाही. धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. त्याची मूळ रीत अशी, की दर दोन सेकंदांनी ते मागील सर्व्हरला हाक मारते. लागोपाठ तीन हाकांना योग्य उत्तर आले नाही तर तो सर्व्हर बाद समजावयाचा, आणि लागोपाठ दोन हाकांना उत्तर आले की पुन्हा कामावर घ्यावयाचा. एका हाकेवर निर्णय घेत नाहीत, कारण क्षणभर दमलेल्या यंत्रास बाद ठरविले तर यंत्रणा दिवसभर इकडून तिकडे हिंदकळत राहील. ज्या सर्व्हरापुढे ‘बॅकअप’ असे लिहिलेले असते त्याच्याकडे, मुख्य सर्व्हर उपलब्ध असेतो, एकही मागणी जात नाही.

आता हाक कशाची मारावयाची, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. परिचारिका रात्रीच्या फेरीत रुग्णाचे डोळे उघडे आहेत एवढे पाहून पुढे जात नाही. नाव विचारते, आज वार कोणता ते विचारते, हाताची बोटे दाबावयास सांगते. सर्व्हरचेही तसेच आहे. त्याचा दरवाजा उघडा असेल, तो ‘मी आहे’ असे उत्तरही देईल, आणि तरीही आत डिस्क भरून गेल्यामुळे एकही नवी नोंद त्याला लिहिता येत नसेल. असा अर्धजागृत सर्व्हर पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा घातक, कारण प्रॉक्सी त्याला धडधाकट समजून कामे पाठवीतच राहतो. म्हणून आपल्या यंत्रणेत प्रॉक्सी नुसते ‘आहेस का’ असे न विचारता, एका काल्पनिक रुग्णाची नोंद काढून दाखव, असे सांगतो. नोंद बरोबर आली तरच सर्व्हर शुद्धीवर आहे असे मानले जाते.

आणि प्रॉक्सीच कोसळला तर? ही शंका एका देणगीदारांनी उपस्थित केली आणि ती अगदी नेमकी आहे. द्वारपाल एकच ठेवला तर तोच सर्वांत कच्चा दुवा ठरतो. त्यासाठी प्रॉक्सीही दोन आहेत. दोघांमध्ये मिळून एकच पत्ता असतो. ज्याच्याकडे तो पत्ता आहे तो दर सेकंदाला ‘मी उभा आहे’ असे दुसऱ्याला कळवितो. सुमारे तीन सेकंद हे कळविणे थांबले की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. वॉर्डातील संगणकांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

येथवर सारे कागदावर उत्तम आहे. अडचण अशी, की ही व्यवस्था जितकी चांगली तितकी ती कमी वेळा वापरली जाते, आणि जी वस्तू वापरली जात नाही तिची अवस्था कोणालाच ठाऊक नसते. रुग्णालयाच्या मागील आवारातील डिझेल जनित्र वीज असतानाही ठरलेल्या दिवशी चालविले जाते. बॅटरी उतरलेली असेल, डिझेल कमी असेल, तर ते त्या दिवशी कळावे, वीज गेल्यावर कळू नये. रोखपालाच्या पेटीचेही तसेच. रोजकीर्द आणि खतावणी तंतोतंत जुळत असली तरी लेखापरीक्षक एखाद्या दिवशी अचानक येऊन पेटीतील नोटा मोजतात. त्यात रोखपालावर अविश्वास नसतो. वही आणि पेटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यामागचे तत्त्व. पर्यायी सर्व्हर आहे ही वहीतील नोंद झाली. तो काम करतो काय, हे पेटी उघडल्याशिवाय समजत नाही.

पहिल्या काही महिन्यांच्या चाचण्यांत जे आढळले ते सांगण्याजोगे आहे. मुख्य सर्व्हरवर नवे दरपत्रक चढविलेले होते, पर्यायी सर्व्हरवर जुनेच राहिले होते. बदल झाला असता तर त्या वेळेतील प्रत्येक बिल मागील वर्षाच्या दराने निघाले असते. पर्यायी सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती, आणि त्याकडे कोणी जात नसल्यामुळे त्याची सूचना कोणाच्याही पडद्यावर येत नव्हती. प्रयोगशाळेतील नमुन्यांच्या नळ्यांवर चिकटविण्याची लेबले छापणारा प्रिंटर फक्त मुख्य सर्व्हरलाच ओळखत होता. हा तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटला. रक्ताच्या नळीवर लेबल हाताने लिहावयाची वेळ आली, की एका रुग्णाची नळी दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा संभव वाढतो. तिन्ही बाबी त्या त्या आठवड्यात दुरुस्त झाल्या. यंत्रे विकत घेताना यांपैकी एकही गोष्ट दिसली नसती, कारण त्या दिवशी दोन्ही सर्व्हर एकसारखेच होते. फरक पुढे, रोजच्या कामातून, नकळत पडत जातो.

ही परीक्षा माणसाने का घेऊ नये, स्वयंचलित कशासाठी? माणूस परीक्षा घेतो ती सोयीच्या वेळी आणि सौम्यपणे. तो आधी सर्वांना सांगतो, सर्व्हर रीतसर बंद करतो, बदल झाला की हुश्श करतो. आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत किंवा मार्चअखेरच्या धांदलीत ‘या आठवड्यात राहू द्या’ असे म्हणतो. यंत्राला कंटाळा नाही आणि भीडही नाही. नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीने आपले चालू सर्व्हर अधूनमधून आपणच बंद पाडणारा ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्राम तयार केला आणि २०१२ मध्ये त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली. चित्रपट दाखविणाऱ्यांचा हा उद्योग रुग्णालयाने जसाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणणार नाही. माकड वाटेल तेव्हा उडी मारते, आमच्याकडे त्याला वेळापत्रक आहे. पण विचार तोच.

चाचणीचा प्रोग्राम दर रविवारी पहाटे सव्वादोन वाजता जागा होतो. पर्यायी सर्व्हर ठीक आहे ना, दोन्हींवरील सॉफ्टवेअर व दरपत्रक एकच आहे ना, हे तो आधी पाहतो. नसेल तर पुढे जातच नाही, दोष कळवून थांबतो. त्यानंतर एका बाजूने तो वॉर्डातील संगणक असल्याप्रमाणे दर सेकंदाला एक मागणी धाडू लागतो, आणि दुसऱ्या बाजूने मुख्य सर्व्हर बंद पाडतो. किती मागण्या निष्फळ गेल्या, पहिले उत्तर किती सेकंदांनी आले आणि ते खरोखर पर्यायी सर्व्हरकडूनच आले काय, याची नोंद होते. मग मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू करून परतीचा प्रवासही तसाच मोजला जातो. जाणे जमले म्हणजे परतणे जमलेच असे नाही.

बंद पाडण्याचेही प्रकार आहेत. प्रोग्राम थांबविला तर सर्व्हरचे यंत्र निदान ‘येथे कोणी नाही’ असे लगेच सांगते. परंतु केबल तुटली तर उत्तरच येत नाही. दार ठोठावल्यावर ‘साहेब नाहीत’ असे कोणी सांगणे आणि आत नुसती शांतता असणे, यांत वाट पाहण्याचा फरक पडतो. पहिल्या प्रकारात प्रॉक्सीला प्रत्येक हाकेचा निकाल तत्काळ मिळतो. दुसऱ्यात प्रत्येक हाकेची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते आणि तीन हाका मिळून सहा-आठ सेकंद जातात. त्या अवधीत ज्यांनी ‘सेव्ह’ दाबले त्यांचा पडदा गोठलेला दिसतो. तिसरा प्रकार सर्व्हर मुद्दाम मंद करण्याचा. आमच्या मते हाच सर्वांत उपयुक्त, कारण प्रत्यक्षात यंत्रे क्वचितच एका फटक्यात मरतात. बहुधा ती आधी कुंथत राहतात. चाचणी दर आठवड्यास यांपैकी वेगळा प्रकार निवडते.

या साऱ्यासाठी जो काल्पनिक रुग्ण वापरला जातो, त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. त्याची नोंदणी होते, रक्ततपासणी होते, बिल तयार होते आणि डिस्चार्जही होतो, आणि हे दर आठवड्यास. त्याच्या इतक्या वेळा रक्त काढलेला दुसरा रुग्ण जिल्ह्यात नसेल. रुग्णसंख्येच्या आकडेवारीतून आणि उत्पन्नाच्या हिशेबातून त्याला कटाक्षाने वगळलेले आहे. या अहवालातील आकड्यांत तो कोठेही नाही, हे लेखापरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहिले आहे.

एका ठिकाणी मात्र आम्ही स्वयंचलनास जाणीवपूर्वक मर्यादा घातली आहे. वर सांगितले ते काम करणाऱ्या सर्व्हरांविषयी. रुग्णांच्या नोंदी जेथे साठविल्या जातात तो माहितीसाठा वेगळा असतो. त्याचीही एक प्रत सतत तयार होत असते. मुख्य साठ्याशी संपर्क तुटला म्हणून प्रतीने आपण होऊन मुख्यपद घेतले, आणि मुख्य साठा प्रत्यक्षात जिवंतच असला, तर एकाच वेळी दोन वह्या लिहिल्या जाऊ लागतात. एका वहीत रुग्णाचा रक्तगट नोंदविला, दुसरीत रक्ताची पिशवी राखून ठेवली, आणि दोन्ही एकमेकींना अनभिज्ञ! दोन मुनिमांनी दोन खतावण्या लिहिल्यावर वर्षअखेर त्या जुळविता येतात. रक्तपेढीत तेवढी उसंत नसते. त्यामुळे माहितीसाठ्याचा बदल यंत्र सुचविते, पण करतो माणूसच, आणि तोही जुन्या साठ्याचा संपर्क खरोखर तोडला आहे याची खात्री केल्यावर. त्याची तालीम तीन महिन्यांतून एकदा देखरेखीखाली होते. यात काही मिनिटे अधिक जातात, आणि ती जावीत असेच आमचे मत आहे.

वैद्यकीय मंडळींचा आक्षेप आम्ही हलका मानला नाही. पहाटेच्या वेळीच अपघातग्रस्त रुग्ण आला तर तुमच्या परीक्षेसाठी त्याने थांबावयाचे काय, असे शल्यचिकित्सकांनी विचारले. त्यावर पुढील व्यवस्था ठरली. रक्तपेढीत तातडीची मागणी प्रलंबित असेल किंवा शस्त्रक्रियागृह चालू असेल, तर चाचणी सुरूच होत नाही. रात्रपाळीच्या पर्यवेक्षिकेच्या टेबलावर चाचणी रद्द करण्याची सोय आहे आणि तिने कारण देण्याची आवश्यकता नाही. त्याच चर्चेत अतिदक्षता विभागाच्या प्रमुखांनी उलट बाजूही मांडली, की पहाटेच्या शांततेत उत्तीर्ण होणारा सर्व्हर सोमवारी सकाळी अकराच्या गर्दीत तग धरील कशावरून? ते म्हणणे पटल्यामुळे तिमाहीतून एक चाचणी आता दिवसा, पूर्वसूचना देऊन घेतली जाते.

चाचणीचा निकाल लघुसंदेशाने संगणक विभागाकडे व आमच्याकडे येतो. यात एक बारीक पण महत्त्वाची तरतूद आहे. दोष आढळला तरच संदेश, अशी रीत ठेवली तर चाचणी झालीच नाही तेव्हाही शांतताच असते, आणि शांतता म्हणजे सर्व काही ठीक, असा समज होतो. म्हणून उत्तीर्ण झाल्याचाही संदेश येतो, आणि सकाळी सहापर्यंत कोणताच संदेश न आल्यास पर्यवेक्षिका दूरध्वनी करते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मुख्य सर्व्हरचा वीजपुरवठा-संच खरोखरच जळाला. बाह्यरुग्ण विभाग भरलेला होता. नोंदणी खिडक्यांवर काही सेकंद पडदे थांबले आणि पुन्हा चालू झाले. प्रयोगशाळेची लेबले छापली जात राहिली. अर्धवट भरलेले काही अर्ज पुन्हा भरावे लागले, एवढाच काय तो व्यत्यय. खिडकीपुढील रांगेत उभ्या असलेल्यांना काही घडल्याचे कळलेही नसेल. बदली सुटा भाग येईपर्यंत, म्हणजे पुढील दोन दिवस, ज्या ‘निरुद्योगी’ यंत्राविषयी पृच्छा झाली त्यानेच संपूर्ण रुग्णालयाचे काम पाहिले.

तथापि या व्यवस्थेकडून अवास्तव अपेक्षा नसावी. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये तापमान प्रथमच ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, त्या दिवशी लंडनच्या गाईज अँड सेंट थॉमस या नामांकित रुग्णालय-संस्थेची दोन ठिकाणची दोन्ही संगणक केंद्रे उष्णतेमुळे बंद पडली. कर्मचाऱ्यांना कागदावर काम करावे लागले आणि सर्व यंत्रणा पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. दोन यंत्रे असली तरी दोघांचा शत्रू एकच असू शकतो, हे त्यावरून दिसते. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हरांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदणी व प्रयोगशाळेचे काम कित्येक दिवस हाताने चालले. अशा हल्ल्यात फेलओव्हर उपयोगी पडत नाही, कारण मूळ नोंदी बिघडल्या की सतत निघणारी प्रतही तितक्याच तत्परतेने बिघडते. त्यासाठी जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या वेगळ्या प्रती लागतात, आणि त्यांतून नोंदी परत काढता येतात काय, याची वेगळी तालीम. ती आपल्याकडे दर महिन्यास होते.

आपला मुख्य सर्व्हर नव्या इमारतीत आणि पर्यायी सर्व्हर जुन्या इमारतीत आहे, परंतु दोहोंचा आपत्कालीन वीजपुरवठा अद्याप एकाच जनित्रावर अवलंबून आहे. लंडनच्या अनुभवानंतर हे तसेच राहू देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पर्यायी सर्व्हरच्या खोलीसाठी स्वतंत्र विद्युतपुरवठा व वातानुकूलन यांचे अंदाजपत्रक विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत सादर होईल. या कामासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी लेखा विभागाशी संपर्क साधावा. ही रक्कम रुग्ण-साहाय्य निधीतून घेतली जाणार नाही.

प्रत्येक परिचारिका-कक्षात लाल धारिकेत छापील नमुने ठेवलेले आहेत. दोन्ही सर्व्हर बंद पडल्यास नोंदणी, तपासणीची मागणी आणि औषधांचा तक्ता त्यांवर लिहिला जातो. दिवसा होणाऱ्या तिमाही चाचणीची तारीख व वेळ आठ दिवस आधी प्रवेशद्वाराजवळील फलकावर लावली जाते. त्या अर्ध्या तासात बिल अथवा डिस्चार्ज कार्ड मिळण्यास किंचित विलंब झाल्यास नातेवाईकांनी खिडकीवरील कर्मचाऱ्यांना सहकार्य करावे, आणि रुग्णाच्या उपचारासंबंधी काही शंका असल्यास थेट वॉर्डातील परिचारिकेस विचारावे. तिच्याकडे त्या वेळी कागदावरचा तक्ता तयार असतो.